"लीगल असतं हो काकू" : ई-सिगरेटवर बंदी आहे हे नाशिकमधे आधी सगळ्यांना कळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातली वाचकांची पत्रं मी रोज वाचते पण स्वतः पहिल्यांदाच लिहितेय, तेही दुकानात बसून मोबाईलवर टाईप करून, तेव्हा शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या. पत्र लांब झालंय. कापायचं असेल तर माझं बाकीचं बोलणं कापा पण कायद्याबद्दल जे लिहिलंय ते कापू नका एवढी विनंती.

कॉलेज रोडच्या एका गल्लीत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, 21 वर्षं झाली. जर्नल, असाइनमेंटच्या प्रिंटा, स्पायरल बाइंडिंग, शाळेचे चार्टपेपर, आणि गेली काही वर्षं कुरिअर पण घेतो. सकाळी शाळेची पोरं, दुपारी कॉलेजची, संध्याकाळी क्लासवाली. पोरं घाईत वस्तू विसरून जातात म्हणून मी काउंटरखाली बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवलाय, त्यात पेनड्राइव्ह, आयकार्ड, कॅलक्युलेटर, चष्मे, घराच्या चाव्या सगळं असतं, ज्याचं त्याने येऊन न्यायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी सबमिशनची गर्दी होती तेव्हा झेरॉक्स मशीनच्या काचेशेजारी एक वस्तू राहिली. बोटाएवढी लांब, फिकट हिरवा रंग, कडा गोल, खाली टाइप-सी चार्जरचं भोक आणि वरच्या बाजूला चपटं तोंड. मला वाटलं हायलायटर आहे, अगदी त्याच रंगाचे हायलायटर माझ्याकडे विकायला आहेत. टोपण ओढून बघितलं तर निघेना, मग म्हणलं छोटी पॉवर बँक असेल, आणि डब्यात टाकून दिली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर आतून आंब्याचा वास, म्हणजे खऱ्या आंब्याचा नाही, लहानपणी आंब्याची गोळी मिळायची तिचा असतो तसा. डब्यातल्या आयकार्डांच्या नाड्यांना सुद्धा तो वास लागला होता.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. अकरावीत आहे, पण मी त्याला पाचवीपासून ओळखते, नकाशाची वही संपली म्हणून एकदा दुकान बंद करायच्या वेळेला रडत आला होता. म्हणाला, "काकू, माझा पॉड राहिलाय का तुमच्याकडे?" मी म्हणलं पॉड म्हणजे काय रे? तर म्हणाला, "व्हेप काकू, फ्लेवर असतो फक्त." मी म्हणलं म्हणजे सिगरेट का? "नाही हो काकू, सिगरेट वेगळी, यात तंबाखू नसतो, वाफ असते नुसती, लीगल असतं हे."

खोटं बोलणारं पोर मला कळतं, इतकी वर्षं काउंटरला उभी आहे मी. तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पण माहीत नव्हतं की हे चालतं की नाही चालत. मी ती वस्तू दिली नाही, आईला घेऊन ये मग देते म्हणलं. तो परत आलाच नाही. दुकानासमोरून जातो पण मान खाली घालून जातो, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

माझी भाची लॉ करतेय. तिला संध्याकाळी दाखवलं तर ती म्हणाली मावशी हे पूर्ण बंद आहे भारतात, तुला माहीत नाही का? तिने मोबाईलवर कायदा काढला आणि मी माझ्याच मशीनवर त्याची प्रिंट काढली. इंग्रजीत आहे, आम्ही दोघी रात्री ओट्याशी बसून एकेक कलम वाचत होतो. जे कळलं ते इथे सांगते.

केंद्र सरकारने 18 सप्टेंबर 2019 ला आधी वटहुकूम काढला आणि मग त्याच वर्षी डिसेंबरमधे संसदेने कायदा केला. त्यात ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे, आणि साठा करून ठेवण्यावर पण. पहिल्यांदा पकडलं तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला किंवा आपल्या जागेत माहीत असून ठेवू दिला तरी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे गाळा भाड्याने देणाऱ्यांनी पण हे वाचावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहितेय. कायद्यात ई-सिगरेट म्हणजे काय ते अगदी स्पष्ट लिहिलंय. एखादा पदार्थ गरम करून ओढण्यासाठी वाफ तयार करणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक साधन, त्यात निकोटीन असो नाहीतर नसो, फ्लेवर असो नाहीतर नसो. पॉड, व्हेप, पेन, ई-हुक्का, तंबाखू न जाळता तापवणारी नवीन यंत्रं, नाव काहीही द्या. आकार कसाही असो. म्हणजे "यात निकोटीन नाही, फक्त फ्लेवर आहे" हे जे सगळीकडे ऐकू येतं ना त्याने कायद्यापुढे काही फरक पडत नाही. ते वाक्य ज्याने पहिल्यांदा पोरांच्या डोक्यात भरवलं त्याने फार विचार करून भरवलंय.

माझ्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर एका मैत्रिणीने लिहिलं की अगं माझा पण घेतो कधीतरी मिंटवाला, निकोटीन फ्री असतो, सिगरेटपेक्षा बरं ना, घरात वास पण येत नाही. ही बाई मुलाच्या डब्यात मैदा नको म्हणून नाचणीची बिस्किटं करते, तिचं मुलावर किती लक्ष आहे ते मला माहीत आहे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गुटखा बंद आहे हे आपल्याला माहीत आहे, 2012 पासून महाराष्ट्रात बंदी आहे, मिळतो तो चोरून मिळतो पण निदान तो घेणाऱ्याला माहीत असतं की हे बंद आहे. मुंबईला कमला मिलची आग लागली, 14 जण गेले, त्यानंतर 2018 ला राज्याने हुक्का पार्लर बंद केले ते पण सगळ्यांना आठवतं. या पॉडचं मात्र तसं झालंच नाही. कायदा झाला आणि तीन-चार महिन्यात कोरोना आला, सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं, आणि पोरं परत कॉलेजला आली तोपर्यंत हे पोरांच्या खिशात येऊन बसलं होतं. माझा अंदाज आहे हा, पण माझ्या काउंटरवरून तरी असंच दिसलं.

मी ती वस्तू पाकिटात घालून जवळच्या चौकीत पण घेऊन गेले. कुठली चौकी ते लिहित नाही कारण तिथल्या माणसाने मला नीट वागणूक दिली, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. हवालदार होते, वयाने माझ्याएवढेच. त्यांनी वस्तू उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "ताई, ही सिगरेट थोडीच आहे, यात तंबाखू कुठंय? आणि तक्रार घेऊ कुणाविरुद्ध, त्या पोराविरुद्ध का?" साहेब बंदोबस्ताला गेले होते. मी परत आले.

त्यांचा दुसरा प्रश्न मला दोन दिवस सोडत नव्हता. कुणाविरुद्ध? कारण भाचीने अजून एक गोष्ट दाखवली होती की या कायद्यात ई-सिगरेट ओढणं हा गुन्हा म्हणून कुठेच लिहिलेलं नाही. बनवणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत, पाठवणाऱ्यापर्यंत, जाहिरात करणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं आहेत पण ओढणाऱ्याचं नाही. कॉलेजच्या पोरांना हे बरोबर माहीत आहे. "काकू पिणं क्राइम नाहीये" असं मला एका मुलीने तोंडावर सांगितलं. ती बोलली ते चूक नव्हतं. पण तिने अर्धंच वाचलं होतं. ओढणं गुन्हा नसलं तरी तिच्या हातात ती वस्तू आली कशी? ती इथे बनली असेल तर गुन्हा, बाहेरून आली असेल तर गुन्हा, ट्रकने कुरिअरने आली तरी गुन्हा, कुणी विकली तर गुन्हा, आणि मैत्रिणीने नुसती वाटली असं म्हणलं तरी वाटप पण बंद आहे. दुबईहून मामाने बॅगेत घालून आणली तरी ती आयातच आहे, मामासाठी कायद्यात वेगळी सवलत नाही. सरळ मार्गाने ती वस्तू तिच्या पर्समधे येऊच शकत नाही.

आणि मला वाटतं कायदा करणाऱ्यांनी हे बरोबर केलंय. सोळा वर्षाच्या पोराला पोलीस स्टेशनला बसवून त्याच्या आईला रडवून काय मिळणार? उद्या पोरं घरी सांगणार नाहीत, आजारी पडली तरी डॉक्टरला सांगणार नाहीत. पकडायचं तर विकणाऱ्याला पकडा. हवालदार साहेबांना मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही, आज देते. तक्रार पोराविरुद्ध नाही, ज्याने त्याला विकलं त्याच्याविरुद्ध.

तो कोण ते शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. एका टपरीवर गेले, शाळेच्या गेटपासून चालत दोन मिनिटं. साधी सिगरेट सुद्धा शाळा-कॉलेजपासून 100 यार्डाच्या आत विकायची नाही आणि 18 वर्षाखालच्याला तर कुठेच विकायची नाही असा 2003 चा कायदा आहे, तो कसा पाळला जातो ते तुम्ही आम्ही रोज बघतो. मी म्हणलं मुलासाठी पॉड पाहिजे. त्याने मला एकदा बघितलं, साडी, हातात भाजीची पिशवी, आणि काही न विचारता वेफर्सच्या मोठ्या पुड्यामागून एक खोकं काढलं. मँगो, टरबूज, मिंट, ब्लूबेरी. 1400 रुपये, ऑनलाइन केलं तरी चालेल. मी खोकं हातात घेऊन सगळ्या बाजूंनी वाचलं. वर चिनी अक्षरं, थोडं इंग्रजी, रुपयात किंमत नाही, भारतातल्या कुठल्या कंपनीचा पत्ता नाही. सिगरेटच्या पाकिटावर 85 टक्के जागेत तो भयंकर फोटो असतो, या खोक्यावर आंब्याची फोड होती. मी म्हणलं बिल मिळेल का? म्हणाला, "याचं बिल नसतं ताई." मी घेतलं नाही, निघून आले. घरी येईपर्यंत हातपाय कापत होते, कारण इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

टपरीवाल्याकडे तरी समोर जाऊन मागावं लागतं. भाचीने मला इन्स्टाग्रामवर दाखवलं, नाशिकचं नाव टाकून पेजेस आहेत, डीएम म्हणजे मेसेज करा, तासाभरात डिलिव्हरी, कॉलेजच्या गेटवर आणून देणार. ती रील म्हणजे जाहिरात झाली, जाहिरातीला शिक्षा विक्रीएवढीच आहे. तो आणून देणारा पोरगा वाहतूक करतोय, त्यालाही तीच शिक्षा. त्या पोराला हे माहीत असेल का? शंभर-दोनशे रुपयासाठी तो 1 वर्षाची कैद खिशात घेऊन फिरतोय. आम्ही कुरिअर घेतो म्हणून मला हा भाग जास्त लागला. आता कुणी छोटं खोकं घेऊन आलं आणि "मोबाईल ॲक्सेसरीज आहेत" म्हणालं की मी उघडून दाखवा म्हणते, दोन जण उघडायला नको म्हणून खोकं घेऊन परत गेले.

मला कुणी विचारेल की तुम्हाला एवढं काय पडलंय, सिगरेट विडी तर उघड विकली जाते. पडलंय, कारण माझं माहेर सिन्नरचं. सिन्नर एके काळी विड्यांसाठी ओळखलं जायचं हे जुन्या माणसांना माहीत आहे. माझी आजी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर चुरा पसरायचा, दोन बोटात वळायचं, टोक दुमडायचं आणि दोरा गुंडाळायचा, हे सगळं करताना ती आमच्याशी बोलत असायची आणि सुपाकडे बघायची पण नाही. हजार विड्यांवर मजुरी. त्या मजुरीवर माझी आई आणि दोन मामा शिकले, त्यामुळे त्या धंद्याला मी कधी नावं ठेवणार नाही. पण आजीने आयुष्यात एक विडी ओढली नाही तरी तिला शेवटपर्यंत खोकला होता, आमच्या घराला त्या चुऱ्याचा वास होता, आणि आजोबा ओढायचे ते साठी पण बघू शकले नाहीत.

मी सात-आठ वर्षाची असताना चोरून एक विडी पेटवून बघितली होती. पहिल्या झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यातून पाणी आलं, श्वास कोंडला, आजीने येऊन पाठ थोपटली आणि मग एक ठेवून दिली. पुन्हा कधी हात लावला नाही. तो ठसका म्हणजे शरीर ओरडून सांगत असतं की हे नको. आणि या पॉडमधून नेमका तोच ठसका काढून टाकलाय. साधं निकोटीन घशाला झोंबतं, म्हणून आता त्याचा क्षाराच्या रूपातला प्रकार वापरतात, त्यामुळे भरपूर निकोटीन घशाला न लागता आत जातं, वरून गोड फ्लेवर आणि गारवा. पहिल्यांदा ओढणाऱ्या पोराला काहीच झोंबत नाही. विडी विझते, सिगरेट संपते, संपली की माणूस थांबतो. याला विझणं नाही. वर्गात, बाथरूममधे, पांघरुणात, एकेक झुरका चालूच, आणि आईला वास येत नाही. पंचवीस वर्षापर्यंत मेंदूची वाढ चालू असते असं डॉक्टर सांगतात, आणि निकोटीनची सवय त्या वयात जितकी घट्ट बसते तितकी नंतर नाही बसत. निकोटीन फ्री लिहिलेल्या खोक्यात खरंच निकोटीन नाही हे कुणी तपासलंय? ज्या वस्तूचं बिलच नाही तिचं लेबल खरं कशावरून?

अमेरिकेत 2019 ला काय झालं ते भाचीने वाचून दाखवलं. व्हेप ओढणाऱ्या पोरांची फुप्फुसं अचानक खराब व्हायला लागली, 2800 च्या वर माणसं दवाखान्यात भरती झाली, 68 गेली. त्यातल्या बऱ्याच जणांनी गांजाचा अर्क असलेलं द्रव भरलेली नळी ओढली होती, बाजारात चोरून मिळणारी, आणि त्यात घट्टपणासाठी व्हिटॅमिन ई चं तेलकट मिश्रण घातलं होतं असं तपासात निघालं. व्हिटॅमिन हा शब्द ऐकून कुणाला भीती वाटेल? पोटात जायची गोष्ट फुप्फुसात गेली. आपल्याकडे तर येणारा सगळाच माल चोरून येणारा आहे, आत काय भरलंय ते त्या टपरीवाल्याला पण माहीत नाही.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर ते बरोबर होणार नाही. माझा दीर लंडनला असतो, तो म्हणतो वहिनी इथे व्हेप उघड मिळतं, 18 वर्षावरच्यांना, आणि सिगरेट सोडण्यासाठी इथलं सरकारी आरोग्य खातंच ते वापरा म्हणून सांगतं. खरं आहे ते. तीस वर्षं सिगरेट ओढणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याच्याबद्दल डॉक्टरांमधे पण एकमत नाही. पण त्याच इंग्लंडने 1 जून 2025 पासून एकदा वापरून फेकायचे व्हेप बंद केले, कारण शाळेतली पोरं तेच ओढत होती. ऑस्ट्रेलियात फक्त औषधाच्या दुकानात मिळतं. सिंगापूरला तर ओढलं तरी दंड. म्हणजे ज्यांनी दार उघडं ठेवलं त्यांना पण ते अर्धं लावावं लागलंच. आणि माझ्या काउंटरवर येणारी पोरं सिगरेट सोडायला पॉड घेत नाहीत हो, त्यांनी सिगरेट कधी धरलेलीच नसते. त्यांची सुरुवातच इथून होतेय.

आपल्या देशाने बंदी घातली तेव्हा हे फार पसरलेलं नव्हतं. 2016-17 च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या 3 टक्के मोठ्या माणसांनीच ई-सिगरेटचं नाव ऐकलं होतं आणि वापरणारे 0.02 टक्के, म्हणजे नसल्यात जमा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने मे 2019 ला पूर्ण बंदी घाला असं सांगितलं आणि सरकारने घातली. रोप लहान असताना उपटायचं ठरवलं, चांगलं केलं. पण मग उपटायला कुणीतरी शेतात उतरायला पाहिजे ना. मागणी वाढत गेली, दुकानात बंदी, आणि मागच्या दाराने सगळं चालू, याच्यात सगळ्यात जास्त फायदा चोरून आणणाऱ्याचा आहे, त्याला टॅक्स नाही, तपासणी नाही, वयाची अट नाही. बंदी पाळायचीच नसेल तर ती नसलेली बरी असं कुणी म्हणालं तर मला राग येतो पण त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे ती टपरी सोडून काही नाही, आणि ती टपरी रोज सकाळी आठला उघडते.

मी पोलिसांवर खापर फोडायला हे लिहित नाही. सिंहस्थाची तयारी, मोर्चे, ट्रॅफिक, त्यांच्यावर किती ताण आहे ते आपल्या द्वारका चौकात संध्याकाळी उभं राहिलं तरी दिसतं. 2023 ला नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या ड्रगचा कारखाना सापडला तेव्हापासून नाशिककर ड्रग्ज म्हणलं की हादरतो, ते बरोबरच आहे, पण त्यामुळे पॉड म्हणजे काहीच नाही, किरकोळ, असं सगळ्यांना वाटायला लागलंय. किरकोळ असतं तर दखलपात्र गुन्हा केला नसता. कायद्याने पीएसआय आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला थेट अधिकार दिलाय, संशयाला कारण असेल तर दुकान तपासायचं, माल जप्त करायचा. वेगळं पथक नको, वेगळा जीआर नको. फक्त चौकीत बसलेल्या माणसाला, जो माझ्याशी चांगला वागला त्यालाच, ही वस्तू काय आहे हे माहीत पाहिजे. एकदा पोलीस आयुक्तालयाने सगळ्या चौक्यांना जप्त केलेल्या पॉडचे फोटो पाठवावेत, हायलायटरसारखा, पेनड्राइव्हसारखा, लिपबामसारखा कसा दिसतो ते. केंद्राच्या आरोग्य खात्याने 2023 ला परत एकदा जाहीर सूचना काढली होती आणि तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल पण सुरू केलं, ते पोर्टल आहे हे मला भाचीमुळे कळलं, मी ज्या दहा पालकांना विचारलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

शाळांना पण सांगायचंय. ओळखीच्या एका शिक्षिकेने सांगितलं की दप्तरात सापडलं की पालकांना बोलावतात, समज देतात आणि वस्तू पालकांच्या हातात परत देतात. अहो ती परत कशी देता? निदान कुठून घेतली हे पोराला जवळ बसवून, न ओरडता विचारा आणि ते पोलिसांना कळवा, पोराचं नाव न सांगता. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, सगळ्या महाराष्ट्राचे डॉक्टर तिथून पदवी घेऊन जातात, तिथल्या मुलांनी एकेका शाळेत जाऊन अर्धा तास बोललं तर पोरं ऐकतील, आमच्यासारख्यांचं नाही ऐकत ती. आणि महापालिकेने टपऱ्यांवर ही वस्तू विकणं गुन्हा आहे, निकोटीन असो नसो, असा मराठीत मोठ्या अक्षरात बोर्ड सक्तीचा करावा. टपरीवाल्यांपैकी पण सगळे वाईट नाहीत, कित्येकांना शिक्षा किती आहे तेच माहीत नाही. माझ्या गल्लीतल्या एकाला मी कायद्याची प्रिंट नेऊन वाचून दाखवली, 1 लाख ऐकल्यावर त्याने खोकं काढून सप्लायरला परत दिलं. माझ्यासमोर फोन लावला त्याने.

त्या मुलाची आई परवा माझ्या दुकानात आली होती, तिच्या ऑफिसच्या झेरॉक्स काढायला. मी काही बोलले नाही. डब्यातल्या पाकिटाकडे सारखं लक्ष जात होतं पण शब्द फुटला नाही, पोराचा विश्वास मोडेल असं वाटलं, आणि ती गेल्यावर वाटलं की बोलायला पाहिजे होतं. अजून ठरत नाहीये. हे पत्र छापून आलं तर तो मुलगा वाचेल की नाही माहीत नाही, वाचलं तर बाळा, मी तुझं नाव कुणाला सांगितलेलं नाही, दुकानात ये, मान खाली घालून जाऊ नको.

ती हिरवी वस्तू अजून माझ्याकडेच आहे, पाकिटात, तारीख घालून. सोमवारी मी ती कायद्याच्या प्रिंटसकट पोलीस स्टेशनला मोठ्या साहेबांकडे नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. कायद्याची सगळी पानं मी काढून ठेवलीत आणि भाचीने त्याचा साध्या मराठीत एक पानी कागद पण बनवलाय. कुठल्याही शाळेला, क्लासला, सोसायटीला किंवा आईबापाला पाहिजे असेल त्यांनी दुकानात येऊन मागावा, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही. दुकान सकाळी साडेआठ ते रात्री साडेनऊ, रविवारी अर्धा दिवस.

आपली,
एक झेरॉक्स-स्टेशनरी दुकानदार,
कॉलेज रोड, नाशिक